पाहुण्याला लढत दाखवताना

बॉक्सिंगच्या भक्ताला नवखा प्रेक्षक सापडला, की तो हमखास २०१५ची मेवेदर-पॅकियाओ लढत लावतो. ‘शतकातली लढत’ म्हणून गाजवलेली ना! बारा फेऱ्या मेवेदर खांद्याआड हनुवटी लपवून सरकत राहतो, पॅकियाओचे ठोसे हवेत जातात आणि भक्त गहिवरतो, “बचाव बघ, बचाव!” पाहुणा भाबडेपणानं विचारतो, “सुरू कधी होणार?” पंचांचा एकमतानं निकाल येईतो तो मोबाइलात शिरलेला असतो.

त्यापेक्षा १५ एप्रिल १९८५, लास व्हेगास, हॅगलर विरुद्ध हर्न्स. चाचपणी वगैरे भानगडच नाही. घंटा वाजली की थेट हाणामारी. पहिल्याच फेरीत हर्न्सचा उजवा हात मोडतो. तिसऱ्या फेरीत हॅगलरच्या कपाळावरचं रक्त बघून रेफरी डॉक्टरला बोलावतो. आता लढत थांबवतात की काय, या धास्तीनं हॅगलर हर्न्सला आडवाच करतो. सगळा कारभार जेमतेम आठ मिनिटांत. (चहा गरमच असतो.)

धोका एवढाच, की पाहुणा खुर्ची पुढे ओढून म्हणतो, “झकास! आता अशीच दुसरी लाव.” आणि भक्त “अगदी अशीच नाही, पण...” म्हणत रिमोट शोधू लागतो.