पहिलीनंतर दुसरी कोण?

"अहो वहिनी, तुमची नात काल आमच्याकडे नायजेरियाचा नकाशा मागायला आली होती. तिकडचं स्थळबिळ आलंय की काय?"

"गप्प बस गं. अकरावीत आहे ती अजून. आठ मार्चला कॉलेजात भाषणाची स्पर्धा आहे. माध्यमं आणि तंत्रज्ञानात नाव काढलेल्या आफ्रिकेतल्या बायका, असा विषय दिलाय."

आमच्या दोन घरांमधलं कुंपण म्हणजे छातीएवढी भिंत आणि तिच्यावर दोन्हीकडून ओणवलेला कढीपत्ता. झाड कुणाचं, यावरून आमच्या सासवांचा तीन वर्षं अबोला होता म्हणे. आम्ही दोघी सरळ दोन्हीकडून तोडतो. एका बाजूला कोळशेत गाव, खाडी, विसर्जन घाट. दुसऱ्या बाजूला जिथे सॅन्डोझचा कारखाना होता तिकडे आता माना मोडून बघावे लागतील असे टॉवर. त्यांच्या बांधकामाच्या धुळीने यंदाही गच्चीवर कुरडया घालता आल्या नाहीत. त्याबद्दल वहिनी कुणाकुणाला काय काय म्हणाल्या ते छापण्यासारखं नाही.

वहिनींची ओळख करून द्यायला हवी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नंबर अजून पाठ असतात. माझ्या माहेरचा लँडलाइन नंबर मी विसरले, त्यांना येतो.

नात मोबाइल घेऊन पायरीवर बसली होती. यादीतली पहिलीच बाई फुंके ओपेके. नायजेरियात शिकली, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेली, तिकडच्या टेलिफोन कंपनीत वर्षानुवर्षं काम केलं आणि मग सगळं आवरून लागोसला परत आली. तिथे इंटरनेट महाग आणि रडतखडत चालणारं. हिने मेनवन नावाची कंपनी काढली आणि पोर्तुगालपासून लागोसपर्यंत समुद्राच्या तळातून सुमारे सात हजार किलोमीटरची केबल टाकली. २०१० मध्ये ती सुरू झाली. पुढे २०२२ मध्ये इक्विनिक्स या अमेरिकन कंपनीने ती कंपनी विकत घेतली.

"किती मिळाले, ते नको सांगूस," वहिनी म्हणाल्या. "केबल तुटली तर कोण जोडतं, ते वाच."

ते त्या मजकुरात नव्हतं. मला मात्र आठवत होतं की मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एकदम चार केबली बिघडल्या आणि त्यात हिचीही होती. बँका, फोन, सगळं कितीतरी देशांत लटकलं. मग दुरुस्तीचं जहाज जातं, तळातून केबलचं टोक आकड्याने वर ओढतं आणि डेकवर बसून माणसं केसाएवढ्या काचेच्या तंतूला तंतू जोडतात.

"आपल्याकडे या केबली वर्सोव्याला वर येतात," वहिनी म्हणाल्या. "कोळीवाड्याच्या शेजारी. लोकांना वाटतं इंटरनेट आभाळातून पडतं."

दुसरी होती केनियाची ओरी ओकोलो. शिक्षणाने वकील. २००७ च्या शेवटी तिकडे निवडणुकीवरून दंगली पेटल्या, बातम्यांवर बंधनं आली, तेव्हा ही ब्लॉगवर लिहीत राहिली आणि तिच्याच कल्पनेवरून ज्युलियाना रोटिच आणि इतरांनी मिळून 'उशाहिदी' तयार केलं. लोकांनी मोबाइलवरून मेसेज पाठवायचा, कुठे जाळपोळ, कुठे मारहाण, आणि ते नकाशावर ठिपक्यांनी दिसायचं. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा तोच नकाशा तिथे वापरला.

"हे बरंय," वहिनी म्हणाल्या. "हिने यंत्रही केलं आणि बातमीही दिली."

नात म्हणाली, मॅडमनी शेवटी महाराष्ट्रातलं एखादं उदाहरण द्यायला सांगितलंय, मी सुधा मूर्तींचं देणार. टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं, मग जेआरडींना पोस्टकार्ड, मग नोकरी.

"ते इतर सातजणी सांगतील," मी म्हटलं. "परीक्षकांना पाठ असेल. तानुबाई बिर्जे माहीत आहे का?"

नव्हती. वहिनींनाही नव्हती, आणि ते मला फार आवडलं, कारण वहिनींना माहीत नसलेलं काही सांगण्याची संधी या भिंतीवर क्वचित येते.

"रविवारी सुट्टी असते ना आपल्याला? गिरणी कामगारांसाठी ती ज्यांनी भांडून मिळवली, १८९० मध्ये, ते नारायण मेघाजी लोखंडे. ते चालवायचे 'दीनबंधु' नावाचं वर्तमानपत्र. सत्यशोधकांचं. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेलं, पुढे लोखंड्यांनी मुंबईला आणलं. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले. मग वासुदेवराव बिर्ज्यांनी ते हातात घेतलं. हे आधी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालयात होते, चांगली नोकरी होती."

"सोडली?"

"सोडली. आणि काही वर्षांनी तेही प्लेगातच गेले. आता पेपराचं काय? १९०६ साल लक्षात घ्या वहिनी. विधवा बाईने घराच्या कोपऱ्यात बसायचं साल. तर त्यांची बायको तानुबाई संपादक झाली. १९१२ पर्यंत तिने पेपर चालवला. अग्रलेख लिहिले, शेतकऱ्यांवर, बहुजनांच्या शिक्षणावर, काँग्रेसवर टीका केली. नवऱ्याच्या नावाने नव्हे, स्वतः संपादक म्हणून. भारतात वर्तमानपत्राची पहिली स्त्री संपादक तिलाच म्हणतात."

"शिकली कुठे?"

"पुण्यात. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत. वडील देवराव ठोसर, फुल्यांच्या बैठकीतले."

वहिनी जरा वेळ कढीपत्त्याच्या डहाळ्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "पैसे कुठून आणायची गं? पेपर म्हणजे कागद, शाई, छापखान्याचं बिल. वर्गणीदार गरीब. अग्रलेख लिहिणं सोपं, वर्गणी वसूल करणं कठीण. भिशी चालवून बघ म्हणजे कळेल." मला वाटतं तानुबाईंवर आजवर झालेल्या भाषणांमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नसेल.

तेवढ्यात गावातली आमची म्हावरेवाली मावशी आली. टोपलीच्या काठाला क्यूआर कोडची पट्टी सुतळीने बांधलेली. बोंबील घेतले, पैसे टाकले, तिच्या कमरेच्या डब्यातून 'प्राप्त झाले' असं ओरडलं. तिची धाकटी घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत मालिकेवर असिस्टंट आहे, एडी म्हणतात. पहाटे घराबाहेर, बारा तासांची शिफ्ट, कधी तेरा. काल नायिकेने कोणत्या बाजूला पदर घेतला होता, मंगळसूत्र कोणतं, पाण्याचा पेला किती भरला होता, हे सगळं तिच्या वहीत आणि मोबाइलमधल्या फोटोत. ती चुकली तर एका दारातून हिरव्या साडीत गेलेली सून दुसऱ्या दारातून निळ्या साडीत येते.

"नाव दिसतं का गं तिचं टीव्हीवर?" मी विचारलं.

"मना नाय दिसला कधी," मावशी म्हणाली. "नावं येतान तवर ते दुसरी जाहिरात लावतान."

मावशी गेली. माध्यमांवरून आठवलं म्हणून मी सुधा नरवण्यांचं नाव काढलं. माझं बालपण साताऱ्याकडचं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि त्या आवाजावर शाळेची वेणी घातली जायची. मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले तेव्हा आमच्या घरात कुणी म्हटलं नाही की सुधाताई लष्करप्रमुखांची आई. उलटं म्हटलं, आपल्या बातम्यांच्या बाईंचा मुलगा.

"आणि स्मिता पाटील," वहिनी म्हणाल्या. "मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ च्या गांधीजयंतीला. त्यानंतर ती बातम्या द्यायची. जीन्सवरच साडी गुंडाळायची म्हणे, टेबलाखाली कोण बघतंय! भक्ती बर्वेही द्यायची. पण आता बातम्या देणाऱ्या बायकांचं कौतुक कोण करतं? सगळ्या वाहिन्यांवर त्याच. ज्या दिवशी खूप झाल्या त्या दिवशी हारतुरे बंद."

हे वाक्य वहिनी सहज बोलून गेल्या, पण तिथेच खरी मेख आहे. सांगते पुढे.

नातीला तंत्रज्ञानातली बाई हवी होती, तर मी शकुंतला भगत सांगितली. माहेरच्या जोशी. वडील एस. बी. जोशी, पूल बांधणारे नामांकित इंजिनिअर. १९५३ मध्ये माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेणारी पहिली मुलगी. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून मास्टर्स, मग आयआयटी मुंबईत प्राध्यापक. आणि मग नवऱ्याबरोबर, अनिरुद्ध भगतांबरोबर, १९७० मध्ये 'क्वाड्रिकॉन' कंपनी.

तिने केलं काय, ते नीट ऐकण्यासारखं आहे. डोंगरात पूल बांधायचा म्हणजे लांबलचक गर्डर न्यायचे कसे? घाटाच्या वळणावर ट्रेलर वळत नाही. शकुंतलाबाईंनी पूलच सुटा केला. पोलादाचे ठरावीक मापाचे थोडेच प्रकारचे तुकडे, लहान ट्रकमधून नेता येतील असे. तेच तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडायचे, की पूल लांब हवा तर लांब, रुंद हवा तर रुंद, अवजड वाहनांसाठी हवा तर तसा. मुलांच्या मेकॅनो खेळासारखं. सांध्यासाठीही त्यांनी वेगळा जोड शोधला. पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. नव्या पद्धतीवर सरकारी खाती सहजासहजी पैसा लावत नाहीत, म्हणून दोघांनी स्वतःची पुंजी घातली. नंतर काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत हे पूल गेले.

"आणि आपण रोज कापूरबावडीला मेट्रोच्या खांबाखाली अर्धा तास उभं राहतो," वहिनी म्हणाल्या, "त्यात कुणाला ही बाई माहीत आहे?"

नात लिहून घेत होती. 'पहिली स्त्री संपादक', 'पहिली मुलगी सिव्हिल इंजिनिअर', दोन्ही ओळींखाली जाड रेघ. वहिनींनी वही भिंतीवरून ओढून घेतली.

"सगळीकडे पहिली, पहिली. दुसरी कोण? विचारलंस का कधी? पहिलीला रस्ता मिळाला याचा अर्थ एकीला मिळाला. दुसरी यायला तीस वर्षं लागली असतील तर तो पराक्रम कसला, ती तर लाज. आणि दुसरीपाठोपाठ शंभर आल्या, तर मग त्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही, नोकरी म्हणतात."

मग त्यांनी त्यांच्या टेलिफोनच्या बोर्डाबद्दल सांगितलं. आम्ही इतकी वर्षं शेजारी, पण इतकं बारकाईने मी पहिल्यांदा ऐकलं. समोर उभा बोर्ड, भोकंच भोकं, प्रत्येकावर इवलासा दिवा. दिवा लागला की मागची कॉर्ड उचलून त्यात खोचायची, बोलणाऱ्याचा नंबर घ्यायचा, तिकिटावर पेन्सिलीने लिहायचा, पुढची कॉर्ड नागपूरच्या लाइनला. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पीपी. एकीकडे कानात नागपूरची ऑपरेटर, दुसरीकडे रडणारा माणूस, आई गेली म्हणून. तीन मिनिटं झाली की मध्ये पडून विचारायचं, तीन मिनिटं झाली, वाढवू का? हेडफोनच्या पट्टीने डोक्यावर भांगाला आडवी खूण पडायची, ती रविवारी न्हाल्यावरही जायची नाही. रांगेत सगळ्या बायका. लाइन कुठे दबली आहे, कोणत्या एक्स्चेंजमध्ये बिघाड आहे, पावसात कोणता मार्ग बंद होणार, हे इंजिनिअरच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं.

"मग एसटीडी आलं, बोर्ड गेले. सत्कार झाले ते नवीन यंत्रं बसवणाऱ्या साहेबांचे. आम्हाला दुसऱ्या टेबलावर बसवलं. तुझ्या त्या ओपेकेबाईचं मला कौतुकच आहे, पण तिच्या केबलवर रात्री लक्ष ठेवणाऱ्या मुली असतीलच ना लागोसमध्ये? त्यांच्यावर भाषण नाही होत."

मी म्हटलं, म्हसवडला झालंय की असं काहीसं. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, कायमचा दुष्काळी. चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये तिथे बायकांची माणदेशी बँक काढली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला होता, कारण सभासद बायकांचे अंगठे. त्या लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, तुमच्या आधी तोंडी करून दाखवतो. आज तिथे माणदेशी तरंग वाहिनी नावाचं सामुदायिक रेडिओ केंद्रही आहे. गावातल्याच बायका माइकसमोर बसतात, ओव्या गातात, बाजार, पाणी, शेळ्यांच्या आजारावर बोलतात. तिथे पहिली कोण हे विचारायला कुणी जात नाही.

"तिकडे घेऊन चल मला एकदा," वहिनी म्हणाल्या. "माहेर तुझं त्याच बाजूला."

नातीने शेवटी तिघी ठेवल्या: ओपेके, तानुबाई आणि शकुंतलाबाई. ऑपरेटर बसत नाहीत म्हणाली, भाषणाला पाचच मिनिटं आहेत.

"मग वाढवून माग," वहिनी म्हणाल्या.