काटा अडल्यावर काय करावं : नवशिक्या कीटोकरांसाठी

वजन अडण्यासाठी आधी ते थोडंफार उतरलेलं असावं लागतं. ही पात्रता बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच मिळते. पोळी, भात, बटाटा, साखर बंद करून दिवसाची कर्बोदकं 20 ते 50 ग्रॅमच्या आत आणली, की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन वापरायला काढतं. हा साठा जेमतेम अर्ध्या किलोचा. पण त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं. साठा ओसरला की ते पाणी सुटतं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी अजून बरीचशी जागच्या जागी असते. नवशिक्याने हे कोणाला सांगू नये. उलट याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर काट्याचा फोटो टाकावा, ऑफिसात डब्याच्या वेळी दुसऱ्यांच्या पोळ्यांकडे करुणेने पाहावं आणि ढगळ होणारच आहेत म्हणून सगळ्या पँटी बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घ्यावं. बोहारीण पँटी परत देत नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्यावं.

पुढचे दोन-तीन महिने मार्गदर्शनाची गरज पडत नाही. वजन आपलं आपण उतरतं, कारण खाण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. वडापाव गेला, पोहे गेले, चहाबरोबरची खारी गेली, ऑफिसातल्या वाढदिवसांचा केक गेला. राहिलं काय, तर अंडी, पनीर, मेथी, मासे आणि फ्लॉवर. माणूस फ्लॉवर खाऊन खाऊन किती खाणार? प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं, चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोनमुळे काहींची भूकही मंदावते, हे सगळं खरं. पण माझ्या मते निम्मं काम कंटाळा करतो, आणि त्याचं श्रेय त्याला कोणी देत नाही.

मग एके दिवशी काटा अडतो. निदान तसं वाटतं. हे ठरवण्याची रूढ पद्धत अशी : सकाळी उठल्यावर, आंघोळीनंतर आणि रात्री झोपताना असं तीनदा वजन करावं आणि तिन्हींतलं सर्वांत वाईट तेवढं खरं धरावं. काटा बाथरूमच्या फरशीवरून हॉलमध्ये आणि हॉलमधून गॅलरीत नेऊन पाहावा. सेल बदलावेत. शेजाऱ्यांचा काटा मागून आणावा. तोही तेच सांगतो, शिवाय शेजाऱ्यांना आकडा कळतो.

दुसरी पद्धत म्हणजे रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी एकदाच वजन करायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची. दिवसादिवसांतला किलो-दीड किलोचा फरक बहुधा पाण्याचा असतो : काल रात्रीचं लोणचं, बद्धकोष्ठ, मासिक पाळी, नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने दुखावलेले स्नायू. तीन-चार आठवडे सरासरी हलली नाही, तरच वजन अडलं म्हणावं. फार सोपी असल्यामुळे ही पद्धत लोकप्रिय नाही.

वजन अडल्याची खात्री झाली की दोष कोणाला द्यायचा ते ठरवावं. पहिला मान थायरॉइडचा. तपासणी जरूर करून घ्यावी. रिपोर्ट नॉर्मल आला की चेहरा पडतो, त्याची तयारी ठेवावी. त्यानंतर अनुवंशिकता, म्हणजे ‘आमच्याकडे सगळ्यांचीच हाडं जड’. त्यानंतर लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या. सुरुवातीला या पट्ट्या गडद जांभळ्या होतात आणि घरात आनंद पसरतो. काही आठवड्यांनी शरीर कीटोन नीट वापरायला शिकतं, लघवीवाटे ते कमी जातात आणि पट्टी फिकी पडते. भरपूर पाणी प्यायलं तरी ती फिकी पडते. नवशिका मात्र घाबरतो आणि कीटोन वाढावेत म्हणून कॉफीत आणखी एक चमचा तूप घालतो.

काटा खरोखर का अडतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली आकड्यांत मांडलं. त्यांनी टाइप 2 मधुमेहाच्या अशा रुग्णांची माहिती तपासली, ज्यांची साखर वर्षभर एका गोळीमुळे लघवीवाटे बाहेर जात होती. म्हणजे रोज कॅलरी गळत होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. हिशेब निघाला तो असा : उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे 100 कॅलरींनी वाढते, तर शरीराचा खर्च 20 ते 30 कॅलरींनीच घटतो. मंदावलेल्या चयापचयाच्या नावाने सगळे रडतात. खरा वाटा भुकेचा निघाला. दहा किलो उतरवलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा कमी अन्न लागतं आणि पूर्वीपेक्षा बरंच जास्त हवंसं वाटतं. कधीतरी या दोन्हींची गाठ पडते आणि काटा थांबतो. कोणताही आहार धरा, हे टळत नाही.

कीटोवर यात एक खास सोय आहे. नवशिका तोवर नवशिका राहिलेला नसतो. त्याने कंटाळ्यावर उपाय शोधलेले असतात. बदामाच्या पिठाची भाकरी थापता येऊ लागलेली असते. ज्वारीचं 100 ग्रॅम पीठ साधारण 350 कॅलरींचं, तर बदामाचं सहाशेच्या आसपास, पण भाकरी ‘कीटो’ असल्यामुळे दोन खाता येतात. चक्क्यात स्टीव्हिया घोटून श्रीखंड होतं. खोबऱ्याच्या सारणाचा मोदकही होतो. सारण सहज जमतं, पारी जमत नाही, म्हणून सारणच वाटीने खाल्लं जातं. कीटोवर चरबी चालते, या वाक्याचा अर्थ महिन्याभरात चरबी मोजायची नसते असा होतो. दर ग्रॅमला कर्बोदकाच्या 4 कॅलरी आणि चरबीच्या 9, हे गणित आहारानुसार बदलत नाही.

आणि आपली मापं! पुस्तकात 15 मिलिलिटरचा चमचा असतो. तो तुपाने भरला तर 120 कॅलरींच्या आसपास जातो. आपल्या घरात पोह्याचा चमचा असतो, डाव असतो, पळी असते आणि आईच्या हाताला ‘थोडंसंच’ नावाचं एक माप असतं. शेंगदाणे मुठीने मोजतात. 50 ग्रॅमची एक भरलेली मूठ म्हणजे 280 कॅलरी. ती ओट्यापाशी उभ्याने, कुकरची शिट्टी होईपर्यंत खाल्ली असेल तर धरत नाहीत. एकादशी आली की पंचाईत आणखी वाढते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वरी, रताळं, बटाटा त्याच जातीचे. उपवासाच्या अख्ख्या ताटातून कीटोकराच्या वाट्याला शेंगदाणेच येतात, आणि मग दिवसभर तेच.

या टप्प्यावर सल्ले आपोआप येऊ लागतात. जिममधला मित्र तूप वाढव म्हणतो. मावशी जिऱ्याचं पाणी घे म्हणते. कोणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दाखला देऊन दोनदाच जेव, 55 मिनिटांत ताटावरून ऊठ, असं सांगतं; कोणी ऋजुता दिवेकरांचा हवाला देऊन आजी खायची तो तूपभात खा म्हणतं. या दोघांवरून महाराष्ट्रातल्या घराघरांत गट पडलेले आहेत, त्यामुळे पंगतीत विषय काढताना शेजारी कोण बसलंय ते पाहावं. नवशिका सर्वसमावेशक असतो. दिवेकरांचं तूप घेतो, भात सोडतो. दीक्षितांची दोन जेवणं घेतो, मधल्या वेळेला बदाम खातो. आणि तिन्ही पद्धती करून पाहिल्या, एकही लागू पडली नाही, असं सांगतो.

गणपतीत काकू ताटात मोदक वाढतातच. ‘अरे, एका मोदकाने काय होतंय?’ एकाने खरंच काही होत नाही. पाच मोदक आणि वरणभात झाला तर दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दिसेल. शोक करू नये. किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. एका पंगतीत ते काकूंनाही साधत नाही. ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी परत आलंय, चार दिवसांत जाईल. चार दिवस म्हणजे विसर्जनापर्यंत मोदक नाहीत, असं गृहीत धरलं आहे.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवण्यासारखी नाही. इन्शुलिन किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर कीटो आपल्या मनाने करू नये, आणि काटा अडला म्हणून कर्बोदकं आणखी कापू तर मुळीच नयेत. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांना यात कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा, धोका असतो, आणि रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही तो होऊ शकतो. शिवाय काहींचं वजन अडलेलं नसतं, पोचलेलं असतं. डॉक्टर पुरे म्हणाले, की पुरे करावं.

बाकीच्यांसाठी जुनाच उपाय आहे. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी कीटो आहार सुचवला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. वजन उतरवणं हा त्याचा हेतूच नव्हता. आजही अपस्माराच्या मुलांना तो देतात तेव्हा लोण्यापासून अंड्यापर्यंत प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये तोलून, एकूण कॅलरी बांधून देतात. काटा स्वयंपाकघरात असतो. आपण आहार उचलला आणि काटा बाथरूममध्ये नेऊन ठेवला.

तेव्हा भांड्यांच्या दुकानातून ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणावा. घरात कोणी विचारलं तर केकसाठी आणलाय म्हणावं. आठवडाभर काहीही कमी न करता फक्त तोलावं आणि लिहून ठेवावं : तूप, पनीर, चीज, बदामाचं पीठ. बोहारणीकडून घेतलेलं पातेलं यासाठी फार मोठं पडतं, छोटी वाटी घ्यावी. शेंगदाणे 30 ग्रॅम काढावेत. तोलता तोलता तोंडात टाकलेले वेगळे धरावेत.