चार मिनिटांचा गिअरबॉक्स

टोचनच्या गाडीने पळावे ही अपेक्षाच मला मुळात चुकीची वाटते. बंद पडलेल्या ट्रकला ओढून नेणारी गाडी म्हणजे वरातीमागून येणारे घोडे. तिला बोलावणे येते तोवर जे मोडायचे ते मोडलेले असते, ज्याला शिव्या द्यायच्या त्याला देऊन झालेल्या असतात, आणि ज्याच्यासाठी धावायचे तो ट्रक क्लीनरने चाकाखाली लावलेल्या दोन दगडांच्या भरवशावर जागच्या जागी उभा असतो. तो कुठेही पळून जाणार नसतो. तरीही ज्याच्या दारात लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या डिझेल ट्रकची क्रेन उभी असते, त्याला एक ना एक दिवस कुणीतरी चहाच्या टपरीवर गाठतोच: ‘मालक, गिअरबॉक्स बदलून टाका. गाडी पळायला लागेल.’ या सल्ल्याविरुद्ध मला बरेच म्हणायचे आहे, आणि साक्षीदार म्हणून मी माहूरचा चढ उभा करणार आहे.

आधी गाडीची ओळख करून द्यायला हवी, कारण अलीकडच्या वाचकाला शक्तिमान म्हटले की गरगर फिरणारा दूरदर्शनवरचा नायक आठवतो. आपला शक्तिमान त्याच्यापेक्षा वयाने बराच मोठा आणि स्वभावाने बराच संथ. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, १९५९ मध्ये, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला संरक्षण खात्याच्या कारखान्यात हा ट्रक तयार होऊ लागला. १९९६ पर्यंत तो तयार होत राहिला. मग त्याच्या जागी लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाच्या गाड्या आल्या. निवृत्त जवान बँकेच्या दारात पहाऱ्याला उभा राहतो, तसा निवृत्त शक्तिमान हमरस्त्याच्या कडेला क्रेन होऊन उभा राहतो. हौदा काढून मागे गर्डरचा त्रिकोण वेल्ड करतात, त्याला विंच आणि वायररोप लावतात, पुढच्या बंपरला जुना टायर बांधतात आणि काचेवर कुलदैवताचे नाव घालतात. हिरव्या रंगावर पिवळा मारतात, पण दार जोरात आपटले की पोपडा उडून खालची पलटण पुन्हा दिसू लागते.

या गाडीचे गिअर हा स्वतंत्र अध्याय आहे. क्लच एकदा दाबून भागत नाही. दाबा, दांडी न्यूट्रलला आणा, सोडा, पुन्हा दाबा, मग गिअर टाका. आणि टाकताना इंजिनाचा आवाज ऐकून टाका, नाहीतर आतून असा करकराट येतो की बाजूच्या शेतातला बैल मान वर करतो. वय झाले की एखादा गिअर उडू लागतो. चढावर ऐन जोर लागलेला असताना दांडी आपण होऊन न्यूट्रलला येते. त्यावर ड्रायव्हर लोकांचा उपाय ठरलेला. टायरच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटे रुंद पट्टा कापायचा, त्याचा फास दांडीला घालायचा आणि दुसरे टोक सीटच्या पायाला ताणून अडकवायचे. गिअर बदलायचा तर आधी पट्टा सोडायचा. तळाचा बोल्ट काढून नव्वद नंबरचे ऑइल डब्यात घेतले की त्यात लोखंडाचा चांदीसारखा चमचमणारा कीस तरंगताना दिसतो. दागिन्यात शोभला असता, पण इथे तो दात्यांचा झिजलेला भाग असतो. अशा वेळी बॉक्स बदलायला माझी हरकत नाही. झिजले ते बदलावेच लागते. माझे भांडण आहे ते वेगासाठी बदलणाऱ्यांशी.

वेगाचा हिशोब वहीत मांडू. समजा इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त २५०० फेरे घेते, वरचा गिअर सरळ म्हणजे एकास एक आहे, मागच्या हाऊसिंगमधला क्राउन-पिनियन साडेसहास एक आहे आणि चाकाची त्रिज्या अर्धा मीटर. गाडी फार तर ताशी ७२ किलोमीटर जाईल, तेही ताणून. आता ०.८ चा ओव्हरड्राइव्ह असलेला बॉक्स बसवला, तर कागदावर ९० मिळतात. कागदावर खड्डे नसतात. धनोड्याकडून येणाऱ्या किंवा सारखणीहून माहूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळणे, बैलगाड्या, कापसाने फुगलेले ट्रॅक्टर आणि मधेच बसलेली जनावरे धरून सरासरी ५० ची ६० झाली तरी खूप म्हणायचे. वीस किलोमीटरला ५० च्या सरासरीने २४ मिनिटे लागतात, ६० ने २०. म्हणजे सगळी उलाढाल करून हाती आली चार मिनिटे. फोन आल्यावर ड्रायव्हर चप्पल शोधतो, तोंडातला तांबूल थुंकायला कोपरा गाठतो आणि क्लीनरला हाक मारतो, त्यात याहून जास्त वेळ जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

आता चढ. माहूर गावातून रेणुकेच्या गडाकडे, दत्तशिखराकडे, अनसूयेच्या शिखराकडे, कुठेही जा, रस्ता वरच जातो. नवरात्रात आणि दत्तजयंतीला भाविकांनी भरलेल्या गाड्या याच चढावर दम सोडतात. समजा भरलेला ट्रक १६ टनांचा आणि आपली क्रेन ७ टनांची, असे २३ टन वजन बारा फुटांना एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर ओढायचे आहे. नुसत्या चढासाठी सुमारे १९०० किलोचा जोर लागतो आणि चाके फिरण्याचा विरोध धरला की साधारण २२५०. इंजिनाचा पीळ (टॉर्क) ३६ किलो-मीटर आणि पहिला गिअर सातास एक असेल, तर वाटेतली गळती वजा जाता चाकाशी २७०० किलोच्या वर जोर पोचतो. गाडी रडतखडत का होईना, चढते. आता पळणाऱ्या बॉक्सचा पहिला गिअर पाचास एक निघाला, तर चाकाशी उरतात दोन हजारांच्या आतच. लागतात २२५०. क्रेन जागची हलणार नाही. मग क्रेनलाच टोचन लावायला दुसरी क्रेन बोलवावी लागेल आणि खाली भाविकांची रांग धनोड्याकडे वाढत जाईल. वरच्या गिअरची चैन पहिल्या गिअरच्या जिवावर करायची नसते, एवढेच हे गणित सांगते.

यावर जाणकार लगेच बोट वर करतो: लष्करी ट्रक चारही चाकांना जोर देतो, त्याला वेगळी ट्रान्सफर केस असते, तिच्यात बहुधा लो-रेंज असतो, तो लावला की पहिला गिअर आपोआप आणखी जड होतो. मुद्दा बिनतोड आहे. पण बॉक्स बदलताना पहिला बळी त्याच ट्रान्सफर केसचा जातो. नवा बॉक्स लांबीला जास्त निघतो, मधला आखूड शाफ्ट बसत नाही, कापून बसवला तर कोन चुकतो आणि क्रॉस दर दोन महिन्यांनी खुळखुळतो. मग मिस्त्री सुचवतो, ‘कशाला ती भानगड? मागची दोन चाकं पुरेत.’ ट्रान्सफर केस भंगारात, लो-रेंज तिच्याबरोबर. कित्येक शक्तिमानांचा हँडब्रेकही शाफ्टवर असतो; तो कुठे जोडायचा, हे बॉक्स वर चढल्यावर आठवते.

दुसरा आक्षेप धंद्याचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. जी क्रेन आधी पोचते तिचे भाडे. चार मिनिटे उशीर झाला की दुसरा हूक अडकवून मोकळा होतो. सपाट महामार्गावर हे खरे आहे. तुळजापूर-नांदेड-यवतमाळ रस्त्यावर पळणारी हलकी क्रेन जास्त कमावेल, यात वाद नाही. पण घाटात पोचणारा आणि चढवणारा ही दोन वेगळी माणसे असतात. आधी पोचून हूक अडकवून वर न चढणाऱ्याला भाडे मिळत नाही, ट्रकमालकाचे बोलणे मात्र मिळते. शिवाय उतारावर खरी परीक्षा असते. बंद पडलेल्या ट्रकचे इंजिन थांबले की त्याच्या ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, त्यामुळे दोन्ही गाड्यांना आवरण्याचे काम क्रेनच्या ब्रेकवर आणि गिअरवर येते. तिथे जड पहिला-दुसरा गिअरच गाडी धरून ठेवतो. माहूरच्या कथेत परशुरामाला मागे वळून पाहू नकोस असे सांगितले होते; त्याने पाहिले, म्हणून रेणुकामातेचे फक्त मुख वर आले असे मानतात. टोचनच्या ड्रायव्हरला मात्र उतरताना मागे बघण्यावाचून इलाज नाही, कारण मागून सोळा टन येत असतात.

तिसरा आक्षेप सुट्या भागांचा. हा ट्रक तयार व्हायचा थांबून किती वर्षे झाली. दाते, शाफ्ट आणायचे कुठून? मुंबईचा कुर्ला, दिल्लीची मायापुरी, नाहीतर हैदराबादचे जुने बाजार धुंडाळायचे, आणि घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं अशी गत. हे मान्य. मिळतच नसेल तर टाटाचा किंवा लेलँडचा बॉक्स घालावाच, कारण त्यांचे सुटे भाग किनवटलाही मिळतात. फक्त विकत घेताना वरचा गिअर किती पळेल हे विचारू नये. पहिला गिअर कितीचा आहे आणि पीटीओची, म्हणजे इंजिनाचा जोर बाजूला काढून घेणाऱ्या जोडाची, खिडकी आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. क्रेनची विंच बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या कुशीत बसवलेल्या पीटीओवर चालते. ती खिडकी नसलेला बॉक्स बसवला तर गाडी पळते झकास, पण वायररोप गुंडाळायला चार माणसे लागतात.

बाकी काम मिस्त्रीचे आणि संयमाचे. बेल हाऊसिंगची भोके जुळत नाहीत, म्हणून खराद्याकडून मधली चकती करून आणायची. शाफ्टचे खाचे क्लच प्लेटला बसत नाहीत, म्हणून प्लेट बदलायची. मग चेनपुलीला टांगलेला बॉक्स इंजिनाकडे ढकलायचा, तर शेवटची दोन बोटे तो आत जात नाही, कारण क्लच प्लेट मध्यावर नसते. इथे नवशिक्या बोल्ट ताणून बॉक्स ओढून घ्यायला बघतो आणि प्लेट वाकवतो. जाणता मिस्त्री प्रेशर प्लेट ढिली करतो, जुन्या भंगार शाफ्टचा तुकडा आत घालून प्लेट मध्यावर आणतो, पुन्हा कसतो. मग बॉक्स हाताच्या धक्क्याने आत जातो आणि पोऱ्या म्हणतो, ‘बसला!’ सगळ्या गॅरेजात त्या शब्दाइतका समाधानाचा शब्द दुसरा नाही. ऑटोमॅटिक बॉक्स घालावा असे म्हणणारेही आता भेटू लागले आहेत. त्यांच्याबद्दल एवढेच म्हणेन की डबल क्लच मारून शक्तिमान चढवणाऱ्या ड्रायव्हरला चौकात जो मान आहे, तो ऑटोमॅटिकवाल्याला कुणी देणार नाही. आणि मानाशिवाय या पगारात तो टिकणारही नाही. आरसी बुकात इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, म्हणून काहीही चालते असे मात्र समजू नये. गाडीत फेरफार करण्याआधी आरटीओत विचारून घेतलेले बरे.

वाचकांना एक विनंती आहे. दर्शन घेऊन गडावरून उतरताना समोरून टोचन लावलेली जोडगाडी येत असेल तर अरुंद जागी आधीच बाजूला थांबा, हॉर्न वाजवून तिला थांबवू नका. एकदा थांबली की पट्टा सोडा, क्लच दोनदा दाबा, पहिला टाका, पट्टा लावा, हे सगळे २३ टन मागे ओढत असताना पुन्हा करावे लागते. आणि घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमही आहे.