चरखा दान, चात राखीव

समजा, उद्या एखादी बडी सॉफ्टवेअर कंपनी सेवाग्रामात उतरली आणि म्हणाली, आम्हाला चरख्याला योगदान द्यायचंय. आमच्या वर्धा जिल्ह्यात दात्याला नाही म्हणायची रीत नाही. मांडव पडेल, फ्लेक्स लागेल, सूतमाळ घालून सत्कार होईल. योगदान काय, तर कंपनीतल्या एका पोरानं घडवलेली सुधारित चात, म्हणजे सूत पिळणारी सळई. सूत तुटत नाही, माळ घसरत नाही. टाळ्या! मग विधी विभागाचे साहेब बॅगेतून कागद काढतील.

कागद म्हणेल, चात सर्वांना खुली आहे. वापरा, सोडवून बघा, सुताराकडून तशीच दुसरी करून घ्या. फक्त चात ज्या युक्तीनं फिरते त्या युक्तीचं पेटंट कंपनीकडे आहे, त्याविषयी कंपनी तूर्त मौन पाळील. कातणाऱ्या बाईनं पुढेमागे कंपनीवर दावा लावला, तर तिचा परवाना त्याच घटकेला रद्द. आणि बाईनंच चातीत काही सुधारणा केली, तर ती वाट्टेल त्या अटींवर विकायची मुभा कंपनीला. इथे सही करा.

"पण साहेब, चात त्या पोरानं केली म्हन्ता," मागच्या रांगेतली एक आजी विचारील, "मंग त्याचं नाव काहून नाई कागदावर?"

साहेब हसतील. आजी, पोरगा नोकरीत आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम सांगतं की वेगळा करार नसेल, तर नोकरीच्या कामात घडवलेल्या कृतीच्या कॉपीराइटचा पहिला मालक मालकच. आणि पोरानं रविवारी घरी बसून केली असती तर? तर नेमणूकपत्राचं बारीक अक्षर आहेच. खुल्या सॉफ्टवेअरचीही खरी गोम इथेच आहे. पोरगा उत्साहात कोड देऊन बसतो, प्रकल्प आनंदानं घेतो, आणि दोन वर्षांनी कळतं की देणाऱ्याला द्यायचा हक्कच नव्हता. 2003 मध्ये एससीओनं आयबीएमवर खटला भरला, त्यात लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप होता. तेव्हापासून लिनक्सवाले शहाणे झाले. 2004 पासून प्रत्येक तुकड्याखाली देणाऱ्यानं नावानिशी लिहून द्यायचं, की हे द्यायचा मला अधिकार आहे. आपल्याकडे सातबारा बघितल्याशिवाय कुणी बांधसुद्धा घेत नाही. संगणकवाल्यांना ते कळायला कोर्ट लागलं.

वरचा कागद मी रचला असला तरी फार रचावं लागलं नाही. फेसबुकच्या रिअॅक्टला असंच शेपूट होतं: आमच्यावर पेटंटचा दावा लावाल तर आमच्या पेटंटचा परवाना गेला. 2017 मध्ये अपाचे फाउंडेशननं असला माल आपल्या प्रकल्पांत नको म्हटलं, तेव्हा सप्टेंबरात ते शेपूट छाटलं गेलं. हॅशिकॉर्पनं तर कमाल केली. तिच्या टेराफॉर्म या खुल्या सॉफ्टवेअरला बाहेरच्यांनी जे दिलं, ते कंपनीच्या करारावर सही करून दिलं. ऑगस्ट 2023 मध्ये कंपनीनं पुढच्या आवृत्त्यांचा परवानाच बदलला, स्पर्धकांना मज्जाव. सही तुमचीच, मग ओरडता कशाला? मंडळींनी जुना मोकळा कोड उचलला आणि ओपनटोफू नावानं वेगळी चूल मांडली.

या साहेबांना सेवाग्रामच्या जुन्या दप्तरातला एक कागद दाखवायला हवा. 1929 मध्ये, सेवाग्राम वसायच्या आधी, गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकला पाहिजे, आठ तासांत सोळा हजार फूट सूत. आणि एक कलम मोठं बेरकी: पेटंट हवं तर स्वखर्चानं घ्या, पण बक्षीस घ्यायचं तर ते हक्क संघाच्या नावे. कारखानदारांनीही हात लावून पाहिला. काळे नावाच्या गृहस्थांचा चरखा किर्लोस्करवाडीत घडला, पण कसोटीला उतरला नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढे सेवाग्रामच्या परिवारात आलेल्या मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरनं धनुष तकली काढली. घरच्या घरी कुणालाही करता यावी, एवढाच तिचा परवाना.

म्हणजे फुकट द्यायची वस्तू असली तरी किल्ली कुणाकडे, हा प्रश्न बापूंना कळत होता. 'हिंद स्वराज'च्या 1910 च्या इंग्रजी आवृत्तीवर त्यांनी 'कोणतेही हक्क राखीव नाहीत' असं छापलं. पुढे मात्र लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टच्या हवाली केले. ते 1 जानेवारी 2009 ला मोकळे झाले. ट्रस्टनं मुदतवाढीसाठी दिल्लीला खेटे घातले नाहीत, हे विशेष. रवींद्रनाथांच्या वेळी तर 1992 मध्ये कायदाच दहा वर्षं ताणला होता.

सरकारी खादीवाले मात्र अशा वैराग्याच्या भानगडीत पडले नाहीत. 'खादी' ही त्यांनी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली, आणि ते नाव विनापरवाना लावलं म्हणून 2018 मध्ये फॅबइंडियाकडे नुकसानभरपाई मागितली. रक्कम पाचशे पंचवीस कोटी! चरखा संघाच्या हिशेबानं ही साडेबावन्न हजार बक्षिसं झाली, आणि इथे तर चरखाही सुधारायचा नव्हता.