मुंबई हाय तेलक्षेत्रास अनावृत पत्र

प्रति,
मुंबई हाय तेलक्षेत्र,
मु. पो. अरबी समुद्र (मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर, पश्चिमेस)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमची कामगिरी ढासळली आहे आणि त्याचा मनस्ताप आम्हा गाडीवाल्यांना होतो आहे.

1974 साली ‘सागरसम्राट’ने तुमच्याकडे पहिली विहीर खणली, 1976 मध्ये तेल सुरू झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून बरेच जास्त तेल घरचे होते. त्यात सिंहाचा वाटा तुमचा. पुढे काय झाले? 1984-85 मध्ये देशात सुमारे 2.9 कोटी टन कच्चे तेल निघाले. 2023-24 मध्येही जवळपास तेवढेच. आम्ही मात्र हातावर हात ठेवून बसलो नाही. तेव्हा पेट्रोलियम पदार्थांचा खप चार कोटी टनही नव्हता, तो 23 कोटी टनांवर नेऊन दाखवला. एका हाताने टाळी वाजत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितले नाही काय?

2015 साली पंतप्रधानांनी सांगितले होते, की आयातीवरचे 77 टक्के अवलंबित्व 2022 पर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणायचे. 2023-24 मध्ये ते 87 च्या वर गेले. दहाचा आकडा आपण बरोबर गाठला, दिशेचे तेवढे राहून गेले.

काही हिशेबी मंडळी म्हणतात, तेल वाढत नसेल तर गाड्यांनी कमी प्यावे. लिटरला दहा किलोमीटर देणाऱ्या गाडीऐवजी पंधरा देणारी घेतली, तर दर दहा हजार किलोमीटरला 333 लिटर वाचतात; विहीर खणावी लागत नाही, जहाज बोलवावे लागत नाही. गणित चोख आहे. पण न जाळलेल्या लिटरचे उद्घाटन कसे करायचे? फीत कुठे बांधायची?

माझी गाडी दोन टनांची आहे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ती लागतेच, कारण रस्त्यात खड्डे आहेत. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून उभा असलो की समोरच्या पडद्यावरचा आकडा नवावरून आठावर, आठावरून सातावर येतो. मग मी गाण्यांचा आवाज वाढवतो. कागदावर ती सोळा देते, आणि कागद खोटा नाही. चाचणीत गाडी बंद खोलीत रोलरवर पळते, एसी बंद असतो, वेग नव्वदच्या वर जात नाही आणि डावीकडून रिक्षा घुसत नाही. अशा वातावरणात मीसुद्धा सोळा देईन.

सरकारची आमच्यावर कृपादृष्टी आहे, हेही कळवतो. इंधनक्षमतेचा नियम 2017 पासून आहे. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढतात; 2022 पासून ती किलोमीटरला साधारण 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आत हवी. कडक वाटते ना? मेख अशी, की ही मर्यादा वजनावर ठरते. गाड्यांचे सरासरी वजन वाढले की सूटही वाढते. पंगतीत ज्याचे पोट मोठे त्याच्या पानात जास्त वाढायचे आणि वर मिताहाराबद्दल त्याला शाल-श्रीफळ द्यायचे! शिवाय विजेवरची एक गाडी विकली की हिशेबात तीन धरतात, त्यामुळे आमच्यासारख्यांना मोकळीक मिळते ती वेगळीच. नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त आता आमच्याच जातकुळीतल्या आहेत, ते काही उगाच नाही.

तेव्हा नियमाचे, कंपन्यांचे आणि माझे सगळे सुरळीत चालले आहे. अडले आहे ते तुमच्यापाशी. वय झाले, विहिरींतून तेलाबरोबर पाणी फार येते, या सबबी आता पुरे. 2025 मध्ये तुमच्या तैनातीला बीपी ही ब्रिटिश कंपनी आणली आहे. तिचा तरी मान राखा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक देशप्रेमी एसयूव्हीधारक, कोथरूड

ता. क. : चिरंजीवांना यंदा अठरा पूर्ण होत आहेत. दिवाळीला त्यांच्यासाठी वेगळी गाडी घ्यायचे चालले आहे. माणूस एकटाच आहे, पण सात सीटर बघतोय. तेवढी तजवीज ठेवावी.