सेलूत सायकलची फ्रेम बनवून घेताना

साधा माणूस दुकानातून बावीस किंवा चोवीस इंची सायकल आणतो आणि उरलेलं आयुष्य सीट वरखाली करण्यात घालवतो. तुम्ही साधे नाही. तुम्हाला स्वतःच्या मापाची फ्रेम हवी आहे, तेव्हा कारागीर पारखूनच घ्यावा लागेल.

‘येथे फ्रेम बनवून मिळेल’ अशी पाटी सेलूत शोधत बसू नका. ज्याच्या दुकानापुढे तुटकी बंडी, अर्धवट ग्रिल आणि कुणाचा तरी डवरा एकमेकांच्या अंगावर पडलेत, तो वेल्डिंगवालाच तुमचा माणूस.

त्याच्याकडे जाण्याआधी माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत दाबून धरायचं, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि येईल त्या आकड्याला 0.67 ने गुणायचं. ही सीटखालच्या नळीची लांबी. हा विधी घरात, दार लावून करावा. दुकानासमोर केलात तरी माप बरोबरच येईल, पण तुमच्याआधी बातमी बस स्टँडवर पोचलेली असेल.

आता धातू. कार्बन आणि टायटॅनियम हे शब्द तोंडातून काढू नका, भाव वाढतो. शौकीन लोक ‘रेनॉल्ड्स 531’ या नळीचं नाव हात जोडून घेतात. 1935 साली इंग्लंडात आलेली ही पोलादी नळी टोकांना जाड आणि मधे पातळ असते, म्हणून फ्रेम हलकी होते. अशा नळ्या खोबणीत बसवून गॅसच्या आचेवर पितळेने सांधतात. आपल्या काळ्या सायकलचे सांधेही याच पद्धतीचे असतात, हे तिच्या मालकाला मात्र ठाऊक नसतं. तेव्हा कारागिराला पहिलं हेच विचारा, की सांधा पितळेचा करणार की आर्कचा? गेटच्या अँगलवर चालणारा जाड रॉड पातळ नळीला लागला की भोक पडतं. भोकावर उपाय म्हणजे पट्टी. पट्टीने नळी वाकली, तर आतून सळई. अशी फ्रेम मोडत नाही. चढावर मोडता ते तुम्ही.

बांबूचा हट्टही धरून पाहता येईल. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक बांबूच्या सायकली बनवतात. आपल्याकडे मात्र बांबू म्हटलं की, ‘मांडव कधी टाकायचा?’ असा प्रश्न येतो.

जगातले नामवंत कारागीर ग्राहकाला वर्ष-दोन वर्षं थांबवतात. आपलाही त्यात कमी नाही. मृगाआधी वखर-डवऱ्यांची रांग, पोळ्यानंतर ट्रॉल्या, मग लग्नसराईत कूलरचे स्टँड. “हून जाईन ना भाऊ, परवा या,” यातला परवा कोणत्या महिन्यातला, हे खोदून विचारू नये.

खरी परीक्षा पुढेच आहे. त्याने सायकल-डवरा बनवलाय का, ते बघा. जुन्या सायकलचं चाक, चिमटा आणि हँडल घ्यायचं, मागे पास जोडायची, की बैलाविना डवरणी होते. जळगाव जिल्ह्यातल्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या भागांपासून असंच ‘कृषिराजा’ नावाचं अवजार केलं आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. हा डवरा टाकायला आलेल्या गिऱ्हाइकाला चांगला वेल्डर आधी विचारतो, “ढकलनार कोन? तुमी का वयनी?” वहिनी म्हटल्यावर तो हँडल चार बोटं खाली घेतो, खडूने खूण करतो आणि एकदा रिकामंच ढकलायला लावतो. कोपर कुठे येतं ते बघून मगच डाग मारतो. परदेशात याला भूमिती म्हणतात आणि तिचे पैसे वेगळे लावतात. ज्याने हा प्रश्न विचारला, त्याला डोळे मिटून आगाऊ रक्कम द्या. ज्याने न विचारता नळी कापायला घेतली, त्याच्याकडून फार तर खाट करून घ्या.

रंगाचा आग्रह नको. त्या आठवड्यात ज्याच्या गेटचा रंग उरला असेल, तो तुमचा.

चाचणीसाठी समृद्धी महामार्गाचा विचार मनात आणू नका, तिथे सायकलला बंदी आहे. बेत केळझरच्या गणपतीपर्यंतच ठेवा. वाटेत कुणीतरी थांबवून “केवढ्याले पडली?” म्हणून विचारणारच. खरा आकडा सांगितलात, तर तेवढ्यात जुनी स्प्लेंडर कशी आली असती, हे त्या उन्हात उभं राहून ऐकावं लागेल.