राखाडी वायर

सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की मला बोलावतात, हे मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. सगळ्यांना ते माहीत असावं, एवढी व्यवस्था मात्र करतो. त्यामुळे माझाच पीसी बटण दाबूनही ढिम्म राहिला, तेव्हा मला खरं तर हुरूप आला. निदान आता तरी ही विद्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध होणार होती.

"मदरबोर्डवरचा दिवा लागलाय," मी मोठ्याने म्हणालो. "म्हणजे जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट येतायत. पीसी बंद असला तरी ते चालूच असतात."

"लॅपटॉप घेऊ या ना, बाबा," मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

प्रेक्षक आटले तरी कलाकाराने थांबू नये. प्लग काढला, मदरबोर्डला जोडलेला २४ पिनांचा कनेक्टर उपसला, कागदाला लावायची क्लिप सरळ करून हिरवी वायर काळीला जोडली आणि पुन्हा प्लग लावून स्विच दाबला. एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या खोक्याचा, पंखा फिरला. बायको म्हणाली, "झालं की सुरू!" पंखा फिरला याचा अर्थ फक्त पंखा चांगला आहे एवढाच होतो, हे संसाराइतकंच इथेही लागू आहे, असं मी मनातल्या मनात म्हणालो. मल्टिमीटर लावला. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत; ११.४ पर्यंत चालतं. इथे १०.६. आणि राखाडी वायरवर शून्य.

या राखाडी वायरवर माझा फार जीव आहे. तिचं नाव 'पॉवर गुड'. बटण दाबल्यावर एसएमपीएस लगेच होकार देत नाही. आधी आपले सगळे व्होल्टेज तपासतो, ते स्थिर होईपर्यंत थांबतो आणि मग राखाडी वायरवर ५ व्होल्ट सोडून कळवतो, की सगळं ठीक आहे. तोवर प्रोसेसरने हलायचं नाही. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतं. पण तेवढा वेळ तो घेतो. आपल्यात कोण घेतं? "काय, कसं काय?" असं कुणी विचारायचा अवकाश, "मजेत!" बाहेर पडतं. मुलगा बघायला आलेल्या पाहुण्यांना राखाडी वायर दिसत असती, तर निम्मी लग्नं पोह्यांवरच आटोपली असती. प्रचारसभेतल्या वक्त्याला ती बसवली, तर माइक सुरूच होणार नाही. माझ्या ऑफिसातल्या सोमवारच्या मीटिंगमध्ये तर सगळा अंधार!

स्वस्त एसएमपीएसमध्ये म्हणे तपासणीचं सर्किटच नसतं. राखाडी वायर आतून थेट ५ व्होल्टच्या लाइनला जोडून देतात. आत काहीही जळत असो, बाहेर निरोप एकच : सगळं ठीक.

आमच्या आईची वायर अशी थेट जोडलेली आहे. फोन उचलते तीच "मी बरी आहे, तुम्ही कसे?" म्हणत. मागे ती न्हाणीघरात पडली, ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. तेव्हा मी तिच्यावर चिडलो. कॉम्प्युटर १०.६ व्होल्टला मुकाट बंद पडतो; ती मात्र तेवढ्यावरच दोन वेळचा स्वयंपाक करत होती, आणि मला फोनवर पत्ता नाही.

एसएमपीएस उघडायचा मोह झाला होता. पण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट दबा धरून असू शकतात. तेव्हा नवाच घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराला विचारलं, "यात पॉवर गुडचं वेगळं सर्किट आहे ना?" त्याने माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. "साहब, दो साल वॉरंटी."

पीसी सुरू झाला. घरातून टाळ्या आल्या नाहीत. प्रिंटर का चालत नाही, अशी विचारणा आली.

संध्याकाळी आईला फोन केला.

"मी बरी आहे, तुम्ही—"

"थांब. घाई नको. आधी नीट तपास, मग सांग."

पलीकडे खरोखरच शांतता. मी कान देऊन थांबलो.

"गुडघा दुखतोय जरा," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, "पण तू असं का विचारतोयस? नोकरी आहे ना रे तुझी?"

"मजेत!" मी म्हणालो.